चाचणीतला प्रतिनिधी : ‘मॉक’ या कल्पनेचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून एकदोघांनी मला दारातच विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुम्हाला सॉफ्टवेअरच्या चाचण्यांशी काय करायचं आहे? प्रश्न रास्त आहे. पण एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवली तर नेमकं काय टिकतं आणि काय हातचं जातं, हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा प्रश्न रोजच्या रोज, पोटापाण्यासाठी, कोणी सोडवला असेल तर तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी. आमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही, आणि त्यांनी आमच्याकडे पाहण्याचं कारणच नव्हतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ, म्हणजे सगळ्यांना बरोबर चालता येईल.

लग्नाच्या घरी आचारी येतो. तो स्वतः बाजारात जाऊन तांदूळ, तूप, डाळ आणत नाही. यजमान त्याला शिधा काढून देतो, आणि तो त्या शिध्यावर स्वयंपाक करतो. आचाऱ्याला एवढंच ठाऊक असतं, की मला तांदूळ मिळणार आहे. कुठल्या दुकानातला, ते त्याचं काम नाही. आता एक प्रोग्रॅम घ्या. वीजबिल भरून घेणारा. त्याला बँकेशी बोलणारी एक सेवा लागते, ग्राहकाला एसएमएस पाठवणारी दुसरी लागते, नोंद ठेवणारी तिसरी लागते. पूर्वी असे प्रोग्रॅम या सेवा स्वतःच शोधून, स्वतःच उभ्या करत. म्हणजे आचारीच बाजारात. नंतर पद्धत बदलली, आणि सेवा बाहेरून हातात द्यायला लागले. याला म्हणतात डिपेन्डन्सी इंजेक्शन. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट शिध्याची आहे.

आणि एकदा शिधा बाहेरून येतो म्हटल्यावर काय झालं? तर चाचणीच्या वेळी खऱ्या बँकेऐवजी एक नकली बँक हातात ठेवता येऊ लागली. प्रोग्रॅमला कळतही नाही. नकली बँक म्हणते ‘पैसे मिळाले’, आणि आपण पाहतो की प्रोग्रॅमने बिल भरल्याची नोंद नीट केली का. ही नकली बँक म्हणजे मॉक. खऱ्याच्या जागी उभा केलेला प्रतिनिधी.

आता हे नाव जन्माला येण्याच्या थोडं आधीची एक घटना सांगतो. ती जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पुढचं सगळं त्यात बीजरूपाने आहे.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्रेंच गयाना नावाचा फ्रान्सचा प्रांत आहे, तिथे कुरू हा अवकाशतळ. युरोपचं एरियन ५ हे नवं रॉकेट पहिल्यांदाच उडत होतं. त्याच्या पोटात क्लस्टर नावाच्या मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून साधारण ४० सेकंदांत, सुमारे ३७०० मीटर उंचीवर, ते एकदम वळलं, तुटलं आणि फुटलं. चौकशी मंडळ नेमलं गेलं. अध्यक्ष होते जाक-लुई लिऑन्स, मोठे फ्रेंच गणिती. अहवाल जुलैमध्येच आला, आणि तो आजही वाचावा असा आहे. दोषी माणूस शोधत न बसता विचारातली चूक कशी शोधायची, याचा तो वस्तुपाठ आहे.

झालं होतं असं. रॉकेट कुठल्या दिशेला कलतंय, किती वेगाने जातंय हे सांगणारी एक यंत्रणा असते. तिचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून जवळपास जसंच्या तसं घेतलं होतं. त्यात एके ठिकाणी ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलायची होती. १६ बिटांत ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. एरियन ४ च्या मार्गावर तो आकडा कधी एवढा वाढतच नसे. एरियन ५ चा मार्ग वेगळा होता, आडवा वेग फार लवकर वाढत होता. आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. जोडीला एक राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ती क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडली होती. बंद पडताना यंत्रणेने ‘माझ्यात बिघाड झालाय’ अशा अर्थाचे आकडे पाठवले. मुख्य संगणकाने ते उड्डाणाचे आकडे समजून वाचले आणि नळकांडी पूर्ण वळवली. आणि गंमत बघा, ज्या गणितात हे सगळं अडलं, त्या गणिताचा रॉकेटने जमीन सोडल्यानंतर काही उपयोगच नव्हता. एरियन ४ च्या सोयीसाठी ते काही सेकंद चालू ठेवायची पद्धत होती, ती पुढे तशीच आली.

आता आपल्या विषयाचा भाग. जमिनीवर संपूर्ण यंत्रणेच्या चाचण्या झाल्या होत्या. मुख्य संगणक खरा, उड्डाणाचा कार्यक्रम खरा. पण ही दिशा सांगणारी यंत्रणा त्या चाचण्यांत खरी नव्हती! तिच्या जागी, तिच्यासारखे आकडे पाठवणारं, खास लिहिलेलं सॉफ्टवेअर बसवलं होतं. म्हणजे प्रतिनिधी. का बसवला? कारणं मूर्खपणाची मुळीच नव्हती. खऱ्या यंत्रणेची तिच्यापुरती चाचणी स्वतंत्रपणे पार पडली होती. जमिनीवर उभं राहून तिला उड्डाणाचा हुबेहूब भास करून देणं अवघड होतं. तिच्या कामाचा ठेका एक मिलिसेकंदाचा आणि चाचणीच्या सोयीचा सहा मिलिसेकंदांचा, तो जुळवणं त्रासाचं होतं. प्रतिनिधीकडून ‘समजा ही यंत्रणा बिघडली’ असे प्रसंग हवे तसे घडवता येत होते, खऱ्याकडून ते करता येत नव्हते. यातलं प्रत्येक कारण आज कुठल्याही कंपनीत मॉक वापरताना दिलं जातं. महाग आहे, संथ आहे, हवं तेव्हा मिळत नाही, हवा तसा बिघाड त्याच्याकडून करून घेता येत नाही.

अपघातानंतर मंडळाच्या पुढे जे आलं ते जास्त बोलकं आहे. खऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर घेतलं, प्रत्यक्ष उड्डाणाच्या मार्गाचे आकडे त्याला दिले, आणि संगणकावर सगळी साखळी तंतोतंत पुन्हा घडली. म्हणजे दोष सापडण्यासारखा होता. पण प्रतिनिधीत तो सापडूच शकत नव्हता. कारण प्रतिनिधी लिहिणाऱ्याने त्यात यंत्रणा घातली नव्हती. यंत्रणेविषयी त्याची जी समजूत होती ती घातली होती. त्या समजुतीत बिघाडाचे प्रकार होते, पण हा नव्हता. ‘ही यंत्रणा एरियन ५ च्या मार्गावर अशी बंद पडेल’ हे ज्याला ठाऊक असतं, त्याने ते प्रतिनिधीत घालायच्या आधी मूळ यंत्रणाच दुरुस्त केली असती, नाही का?

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. मॉक ही खऱ्या सेवेची प्रतिमा नसते. ती आपल्या त्या सेवेविषयीच्या विश्वासाची नोंद असते. मॉकसमोर चाचणी पास झाली याचा अर्थ, माझा प्रोग्रॅम माझ्या समजुतीशी जुळतो. माझी समजूत जगाशी जुळते की नाही, यावर ती चाचणी एक अक्षरही बोलत नाही.

आता नावाकडे येऊ. १९९४ च्या सुमारास केंट बेक या अमेरिकन माणसाने स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्या लिहिण्याची एक साधी चौकट तयार केली. १९९७ साली तो आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला विमानाने निघाले होते, आणि त्या प्रवासात दोघांनी मिळून तीच कल्पना जावा भाषेत लिहिली. तीच पुढे जेयुनिट म्हणून जगभर गेली. विमानप्रवासात लोक सिनेमे पाहतात, असो. महत्त्वाचं हे, की त्यामुळे प्रोग्रॅमचा लहानातला लहान तुकडा वेगळा काढून तपासायची सवय लागली. आणि सवय लागल्याबरोबर अडचण आली. तुकडा वेगळा निघतच नाही. त्याची मुळं दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात.

लंडनमध्ये कनेक्स्ट्रा नावाची एक लहान कंपनी होती. १९९९ च्या सुमाराला तिथल्या जॉन नोलन यांनी आपल्या प्रोग्रॅमरांना एक आव्हान दिलं. प्रोग्रॅम असा लिहा, की कुठल्याही वस्तूला ‘तुझ्या पोटात काय आहे ते दाखव’ असं विचारावं लागणार नाही. आता वस्तूचं पोट पाहायचं नाही, तर ती बरोबर वागली हे तपासायचं कसं? उत्तर निघालं ते सुंदर आहे. तिच्याशी ज्यांचा व्यवहार आहे, त्यांच्या जागी आपली माणसं बसवा. वस्तूने त्यांच्याकडे काय मागितलं, कुठला निरोप दिला, ते त्यांनी लक्षात ठेवावं आणि शेवटी साक्ष द्यावी. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग या तिघांनी २००० साली इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या परिषदेत यावर निबंध वाचला. त्यांनी पद्धतीला एन्डो-टेस्टिंग म्हटलं, म्हणजे आतून केलेली चाचणी. ते नाव मागे पडलं, मॉक ऑब्जेक्ट राहिलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढे ती हरवली. या मंडळींना खऱ्याची नक्कल करायची नव्हती. त्यांचं म्हणणं होतं, की मॉक लिहिताना तुम्हाला कळतं, माझ्या तुकड्याला शेजाऱ्याकडून नेमकं काय हवं आहे. ती शेजाऱ्याची भूमिका आहे, शेजारी नव्हे. २००४ साली फ्रीमन, नॅट प्राइस, मॅकिनन आणि जो वॉल्न्स यांनी पुन्हा निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘वस्तूंचे नव्हे, भूमिकांचे मॉक’ असा भाव होता. त्यात एक नियम होता. जे तुमच्या मालकीचं आहे, ज्याचं रूप तुम्ही बदलू शकता, त्याचाच मॉक करा. दुसऱ्याच्या सेवेचा करू नका. कारण उघड आहे. स्वतःच्या शेजाऱ्याची भूमिका ठरवणं हा माझा अधिकार आहे; परक्याची ठरवणं हा फक्त अंदाज आहे.

तोवर दुसरीकडे शिध्याची पद्धत बळावत होती. मोठ्या कंपन्यांत जावाची अवजड व्यवस्था होती. छोटासा तुकडा तपासायचा तरी सगळा सर्व्हर चालू करावा लागे. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकातल्या कोडमधून स्प्रिंग ही चौकट निघाली. हे जॉन्सन संगीतशास्त्रातले डॉक्टरेट आहेत बरं का. त्यामुळे तत्त्वज्ञानवाल्याने इथे बोलायला हरकत नसावी. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांनी एक लेख लिहून या पद्धतीला डिपेन्डन्सी इंजेक्शन हे नाव पक्कं केलं. त्याच वर्षी त्यांनी दुसरा लेख लिहिला, मॉक आणि स्टब यांतला फरक सांगणारा. स्टब म्हणजे ठरलेलं उत्तर देणारा पुतळा. मॉक म्हणजे आपल्याला काय विचारलं गेलं याची साक्ष देणारा. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या पुस्तकात तर पाच प्रकार लावून दिले, आणि सगळ्यांना मिळून ‘टेस्ट डबल’ म्हटलं. सिनेमात हिरोऐवजी उडी मारणारा असतो ना, आपण त्याला डुप्लिकेट म्हणतो, तोच शब्द.

फाउलर यांच्या लेखाने दोन घराणी स्पष्ट झाली. घराणी हा शब्द माझा. एक लंडन घराणं, शेजाऱ्यांच्या जागी मॉक ठेवून संवाद तपासणारं. दुसरं डेट्रॉइट घराणं. तिथे क्रायस्लर मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर केंट बेक यांनी काम केलं होतं, म्हणून ते नाव. हे शक्य तिथे खऱ्याच वस्तू वापरतात आणि शेवटी निकाल काय लागला ते पाहतात. गाणाऱ्यांच्या घराण्यांत जेवढे वाद, तेवढे यांच्यातही आहेत.

आता थोडं माझ्या विषयात शिरतो. जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा आहे. यज्ञाला व्रीही म्हणजे साळीचा तांदूळ सांगितला आहे आणि तो मिळत नाही. मग कर्म सोडायचं का? नाही, नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारा तांदूळ घ्या. का नीवारच? कारण जे साम्य कर्माला हवं आहे ते त्यात आहे. पण पुढे मर्यादा घातली आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला चालत नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, क्रियेला नाही. यजमानालाही नाही, कारण फळ त्याला मिळायचं आहे. आणि मूळ वस्तू हाताशी असताना प्रतिनिधी घ्यायचा नसतो.

मीमांसकांना संगणक ठाऊक होता असलं काही मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांचा आजकाल सुकाळ आहे, त्यात भर नको. मी एवढंच म्हणतो, की त्यांनी प्रश्न बरोबर पाडून घेतले होते. मूळ खरंच अनुपलब्ध आहे का? कुठलं साम्य या कामाला लागतं? आणि कुठल्या गोष्टीच्या जागी दुसरं काही ठेवलं, की ते कर्मच उरत नाही?

सॉफ्टवेअरच्या इतिहासात नेमकं उलट घडलं. प्रतिनिधी बसवणं इतकं सोपं झालं, की हे प्रश्न विचारायला कोणी थांबेना. इझीमॉक, जेमॉक, मग मॉकिटो, अशी एकाहून एक सोपी साधनं आली. चौकटीच म्हणू लागल्या, की खरी सेवा काढून नकली बसवायची? एका ओळीत बसवा. सोय वाढली की विचार कमी होतो. स्वयंपाकघरातही हाच अनुभव आहे.

याचा एक मजेदार नमुना पायथॉन भाषेत झाला. तिथला मॉक मायकेल फोर्ड यांनी लिहिला, आणि २०१२ साली तो भाषेच्या अधिकृत साठ्यात आला. हा मॉक म्हणजे अस्सल होयबा. त्याला काहीही विचारा, जे नाव घ्याल ते त्याच्याकडे आहे, जे सांगाल ते तो करतो. आता चाचणीच्या शेवटी प्रोग्रॅमर विचारतो, ‘तुला एकदाच बोलावलं होतं ना, खात्री कर’. पण हे विचारताना त्याने आज्ञेचं नाव चुकवलं, किंवा अस्तित्वातच नसलेली आज्ञा लिहिली, तर होयबा काय करणार? ‘हो’ म्हणणार. चाचणी पास! कितीतरी प्रकल्पांत अशा काहीच न तपासणाऱ्या चाचण्या हिरवा दिवा दाखवत उभ्या होत्या. शेवटी पायथॉन ३.५ मध्ये ठरलं, की ‘असर्ट’ने सुरू होणारं अनोळखी नाव आलं तर मॉकने तक्रार करायची. त्या शब्दाचं नेहमी चुकणारं ‘असरेट’ हे स्पेलिंगसुद्धा त्यांनी नियमात घातलं. माणसाचा स्वभाव ओळखून केलेला नियम म्हणजे हा.

होयबा दुरुस्त झाला, पण मूळ प्रश्न राहिला. परत वीजबिलाकडे या. नकली बँकेला दोनच उत्तरं शिकवली आहेत, ‘पैसे मिळाले’ आणि ‘नाही मिळाले’. खरी बँक तिसरंच म्हणते, ‘बघतोय, थांबा’. तुम्ही आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर हे पाहिलेलं आहे. खात्यातून पैसे गेलेत, बिल थकलेलंच दिसतंय, आणि फोनवरचा मुलगा म्हणतो, ‘सर, आमच्याकडे सगळं बरोबर आहे’. तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे खरंच सगळं बरोबर असतं. त्यांच्या बँकेविषयीच्या समजुतीत तिसरं उत्तर नव्हतं एवढंच. ज्या पेन्शनरने शेवटच्या दिवशी बिल भरलं, त्याने मात्र कोणाच्या समजुतीवर वीज चालवायची?

२०१४ साली या सगळ्यावर भांडण उघड्यावर आलं. रुबी ऑन रेल्सचा कर्ता डेव्हिड हाइनमायर हॅन्सन याने लिहिलं, की चाचणी आधी लिहायचा संप्रदाय मेला. त्याचा राग असा, की मॉक बसवायला जागा हवी म्हणून लोक साध्या प्रोग्रॅमला भिंती आणि पडदे लावत सुटले आहेत. चाचणीच्या सोयीसाठी घराची मोडतोड चालली आहे. मग तो, केंट बेक आणि फाउलर, तिघांच्या जाहीर चर्चा झाल्या. त्यात बेक यांनी सांगितलं, की मी स्वतः जवळपास कशाचाच मॉक करत नाही. ज्याने ही सवय लावली तो असं म्हणतो हे ऐकून अनेक जण चरकले. मला हॅन्सन याचा आवेश पटत नाही. शिध्याची पद्धत ही केवळ चाचणीची सोय नाही, तिने प्रोग्रॅमचे तुकडे खरोखर मोकळे केले. पण त्याने दाखवलेलं दुखणं खरं होतं.

मग उपाय काय निघाला? मला त्यातला सर्वांत विचारी वाटतो तो कराराचा. कल्पना अशी, की नकली बँकेत मी जी समजूत लिहिली, ती माझ्याच कपाटात ठेवायची नाही. ती खऱ्या बँकेच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे पाठवायची आणि त्यांनी आपल्या खऱ्या सेवेवर ती चालवून पाहायची. ‘तुमच्याविषयी मी असं समजतो, बरोबर आहे का?’ २०१३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पॅक्ट नावाचं साधन यासाठीच सुरू झालं. यात मॉक जातो असं नाही. त्याची रोजची चाचणी तशीच झटपट चालते. पण प्रतिनिधीला मुळाच्या समोर उभं करून वेळोवेळी विचारलं जातं. एरियनच्या चौकशी मंडळाने दिलेल्या शिफारशींतही, जमेल तितकी खरी उपकरणं घेऊन संपूर्ण चाचणी करा, हे होतंच.

हिंजवडीत काम करणारे माझे काही जुने विद्यार्थी अलीकडे सांगतात, की आता प्रोग्रॅमही यंत्राकडून लिहून घेतात आणि त्याची चाचणीही, मॉकसकट. हे ऐकून मी त्यांना एकच विचारतो. प्रोग्रॅम आणि नकली बँक दोन्ही एकाच डोक्यातून निघाली, तर बँकेविषयीची चुकीची समजूत दोन्हीकडे सारखीच असणार. मग ती दोघं एकमेकांशी भांडणार कशी? पूर्वी निदान चाचणी लिहिणारा दुसरा असे, त्याला शंका यायची. काही जण म्हणतात, सर, खऱ्या सेवेचे जुने संवाद आम्ही नोंदवून ठेवतो आणि त्यावरून मॉक बनवतो. चांगलं आहे. पण नोंद कालची असते, आणि सेवा आज रात्री बदलते. ती नोंद ताजी करण्याचं काम कोणाच्या नावावर आहे, असं विचारलं की बहुतेक वेळा एकमेकांकडे पाहतात.

वेळ संपत आली आहे, अध्यक्ष घड्याळ पाहताहेत. एरियन ४ च्या चाचण्यांविषयी कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, ती आधी घेतो, मग बाकीचे प्रश्न.